नदीकडे जाणारी वाट

ऑक्टोबरात बोत्स्वानाच्या उत्तर टोकाला पाणी उरतं ते नदीतच. पावसाळ्यात जंगलभर साचलेली तळी केव्हाच आटलेली असतात, मोपानीची पानं तांबडी पडलेली असतात आणि दुपारी पारा चाळीस अंशांना टेकतो. ऊन जरा कललं की दक्षिणेच्या जंगलातून हत्तींचे कळप चोबे नदीच्या दिशेनं उतरू लागतात. उतारावर आधी धूळ दिसते, मग धुळीतून हलणारे कान. पाणी जवळ आलं की सगळा कळप चाल वाढवतो आणि पिल्लं आयांच्या पायांशी लगट करत धावत सुटतात. एका कळपाचं पाणी पिऊन होईतो मागे दुसरा येऊन थांबलेला असतो. अंधार पडेपर्यंत हे चालतं. एका नजरेत मावणार नाहीत इतके हत्ती, आणि कुंपण, साखळी, माहूत यांतलं काहीच नाही.

हे पाहायला आम्ही गेलो तेव्हा दोन गाड्यांत मिळून तीन पिढ्या होत्या. दादा बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनीत, चार्टर्ड अकाउंटंट आहे. वहिनी तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते. त्यांचा मुलगा, माझी मुलगी, मी आणि आमची आई. आईचा उल्लेख मुद्दाम वेगळा करते. तिचं माहेर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं. २००२ च्या सुमारास कर्नाटकाच्या बाजूनं हत्ती या पट्ट्यात उतरले. तेव्हापासून तिथल्या शेतकऱ्याच्या लेखी हत्ती म्हणजे रात्रीत आडवा झालेला माड, मुळासकट उपटलेली केळ आणि तुडवलेलं भात. मामाच्या बागायतीचं नुकसान तिनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्या जनावराच्या भीतीनं मामा रात्र जागून काढतो, ते बघायला समुद्र ओलांडून कशाला जायचं, असं तिनं निघण्याआधी विचारलं होतं. प्रश्न रास्त होता.

वाळूची तयारी

गॅबोरोनी ते चोबेकाठचं कसाने हे अंतर नऊशे किलोमीटरहून जास्त आहे. रस्ता डांबरी आणि सरळसोट. फ्रान्सिसटाउन मागे पडतं, नाटा येतं आणि तिथून पुढच्या तीनशे किलोमीटरमध्ये रस्त्याची मालकी बदलते. अभयारण्याची कुठलीही कमान लागण्याआधीच हत्ती हमरस्ता ओलांडताना दिसू लागतात. काळोखात डांबरावर उभा असलेला हत्ती गाडीच्या उजेडात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून या रस्त्यावर रात्री गाडी चालवायची नाही, हा तिथल्या लोकांचा शिरस्ता. आम्ही तो पाळला.

कसानेहून सावुतीमार्गे माऊनला जायचं तर साध्या गाडीचं काम नाही. सगळा भाग कलहारीच्या वाळूचा. चारही चाकांना ताकद देणारी गाडी, उंच बूड आणि वाळूत गाडी चालवायची समज, तिन्ही लागतं. दोन गाड्या बरोबर असाव्यात, कारण एक रुतली तर ओढायला दुसरी हवी. दादाची हायलक्स होती, दुसरी लँड क्रूझर भाड्यानं घेतली. दोन्हींच्या टपावर उघडून झोपायचे तंबू. गाडीत फावडं, दोरखंड, जॅक, जॅकखाली ठेवायला जाड फळी आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर. मधे पेट्रोल पंप नाही. किलोमीटर फार नसले तरी वाळू डिझेल खाते, म्हणून टाक्या गळ्यापर्यंत भरून वर कॅनही घेतले. पिण्याचं पाणीही सगळं बरोबर. संत्री-मोसंबी मात्र एकही नाही. त्यांचा वास हत्तीला लांबून येतो आणि त्यापायी तो गाडीची काचही फोडतो, हे तिथे प्रत्येक जण बजावून सांगतो.

वाळू सुरू होते तिथे थांबून टायरमधली हवा उतरवायची. डांबरावर दाब ३४ पीएसआय असेल तर वाळूत २० पर्यंत. हवा कमी झाली की टायर उंटाच्या तळव्यासारखा पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक खाली खणत जात नाही. लँड क्रूझर वहिनीच्या हातात होती. बोत्स्वानात राहून ती हे शिकली आहे. वाळूत शिरण्याआधीच गिअर ठरवायचा, वेग एकसारखा ठेवायचा, ब्रेक मारायचा नाही, आधीच्या गाड्यांच्या चाकोरीशी भांडायचं नाही. चाक जागीच फिरायला लागलं तर पाय ताबडतोब उचलायचा, कारण पुढचा प्रत्येक फेरा गाडीला आणखी खोल नेतो. मग उतरायचं, चाकांपुढची वाळू उपसायची आणि आपल्याच खुणांवरून मागे यायचं. उतरण्याआधी चारही बाजूंना नीट बघायचं, हे वेगळं सांगायला नको.

चोबेचा काठ

चोबे हे बोत्स्वानाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९६० च्या दशकातलं. क्षेत्र सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं. त्याला कुंपण नाही. हत्तीला नामिबियात जायचं तर तो नदी पोहून जातो, झिंबाब्वेत जायचं तर जंगलातून चालत. नदीच्या मधोमध सेदुदू नावाचं सखल गवताळ बेट आहे. त्यावर बोत्स्वाना आणि नामिबिया दोघांनी हक्क सांगितला होता. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते बोत्स्वानाला दिलं. कोवळ्या गवतासाठी हत्ती त्या बेटावर पोहत जातात. मोठ्यांची पाठ तरी पाण्यावर दिसते, पिल्लाची दिसते ती नुसती सोंड, हवेत उंच धरलेली, आणि त्याला दोन्ही बाजूंनी टेकून चाललेल्या दोन मोठ्या हत्तिणी.

मुलांनी दुर्बीण खाली ठेवलीच नाही. काही महिन्यांच्या पिल्लाला सोंड वापरता येत नाही. ते तिच्यावर पाय देतं, ती गरगर फिरवून बघतं आणि शेवटी गुडघे टेकून तोंडानंच पाणी पितं. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखे दोन उंचवटे असतात, आपल्याकडच्या हत्तीला एकच. त्या दोन बोटांनी एक हत्तीण झाडाखाली पडलेल्या शेंगा एकेक करून उचलत होती. गाडीपासून चार-पाच गाड्यांच्या अंतरावर.

कळप चालतो तो वयानं वडील असलेल्या हत्तिणीच्या मागे. केनियातल्या अंबोसेलीत सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून हत्तींच्या कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद ठेवली. तिथेच कॅरन मॅकोंब आणि सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून प्रयोग केले. ज्या कळपाची म्होरकी जास्त वयाची, त्या कळपाला अनोळखी हत्तीचा आवाज अचूक ओळखता येतो आणि सिंहिणीपेक्षा सिंहाची डरकाळी जास्त धोक्याची आहे हेही कळतं, असं त्यांना आढळलं. दुष्काळात कुठल्या दिशेला पाणी सापडेल, हे ज्ञानही तिच्याच डोक्यात. चोरटे शिकारी मोठ्या सुळ्यांसाठी सगळ्यांत वयस्क जनावरं मारतात. तेव्हा हस्तिदंताबरोबर कळपाची आठवणही जाते.

नदीकाठचा एक पट्टा मात्र डोळ्यांना खुपतो. वठलेली, साल सोललेली, कमरेत मोडलेली झाडं. हत्तींनी जंगल खाऊन टाकलं, असंच पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. अभ्यासकांनी त्यामागचा जो इतिहास लावला आहे तो वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताच्या व्यापारानं इथले हत्ती जवळपास संपवले. १८९० च्या दशकात गुरांच्या बुळकांड्या रोगाची साथ आफ्रिकेच्या दक्षिण भागात सगळीकडे पसरली आणि पाला खाणारी रानटी जनावरंही तिनं मारली. खाणारं कुणी उरलं नाही, त्या काळात काठावर दाट झाडी उगवली. आज मोडताना दिसतात ती बरीचशी झाडं त्या रिकाम्या दशकांत वाढलेली आहेत. हत्ती परतले आणि काठ पुन्हा मोकळा होऊ लागला.

परतलेल्या हत्तींची संख्या प्रचंड आहे. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी २०११ मध्ये करार करून कावांगो-झांबेझी हे सीमापार संरक्षित क्षेत्र उभं केलं. विस्तार सुमारे ५ लाख २० हजार चौरस किलोमीटर. तिथे २०२२ मध्ये विमानांतून झालेल्या गणनेत सुमारे २ लाख २८ हजार हत्ती आढळले. त्यांतले जवळपास १ लाख ३२ हजार एकट्या बोत्स्वानात. देशाची लोकसंख्या साधारण २४ लाख. म्हणजे दर अठरा माणसांमागे एक हत्ती. एकूण आफ्रिकेचं चित्र मात्र उलटं आहे. २०१४ ते २०१६ मधल्या महागणनेत अठरा देशांत मिळून सुमारे ३ लाख ५२ हजार गवताळ प्रदेशातले हत्ती मोजले गेले आणि २००७ ते २०१४ या काळात त्यांची संख्या ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २०२१ पासून हा हत्ती जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे.

कचिकाऊच्या शेतावर

कसानेहून पश्चिमेला न्गोमा, तिथून कविंबा आणि मग कचिकाऊ. उद्यान आणि नदीचा पूरप्रदेश यांच्या बेचक्यात वसलेली ही गावं. पाणी भरायला आम्ही कचिकाऊत थांबलो. दुकानामागच्या शेतात एक आजी काटेरी फांद्यांची वई नीट करत होत्या. नोव्हेंबरात पाऊस लागला की नांगरट, मग मका, ज्वारी, बाजरी. दुकानातल्या मुलानं मधे राहून बोलणं पोचवलं. पीक कापणीला येतं तेव्हा हत्ती येतात, म्हणून त्या दिवसांत घरातलं कुणी ना कुणी शेतातच निजतं, जाळ करून, पत्र्याचा डबा हाताशी घेऊन. एका रात्रीत वर्षाचं धान्य जाऊ शकतं. अंधारात हत्ती समोर आल्यानं माणसंही मेली आहेत. भरपाई सरकार देतं, पण ती उशिरा येते आणि पुरत नाही.

आई ऐकत होती. मग ती सरळ मालवणीतच बोलली, "आमच्याकडेय असोच येता. रातचो येता आणि माड मोडून जाता." मी इंग्रजीत सांगितलं, मुलानं सेत्स्वानात. आजींनी विचारलं, माड म्हणजे काय पीक? आईनं समजावलं की ते झाड लावल्यावर फळ धरायला कित्येक वर्षं लागतात. आजींना त्याचं फार वाईट वाटलं. ज्वारी निदान पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, असं त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर आई मला म्हणाली की एवढ्या हत्तींत ही माणसं टिकतात कशी, ते आता लिही. माझ्या लेखाचा विषय तिथे ठरला.

टिकतात ती अनेक खटपटी करून. सुक्या मिरचीची पूड शेणात कालवून त्याच्या विटा थापतात. शेताच्या कडेला त्या पेटवल्या की झणझणीत धूर बराच वेळ राहतो आणि हत्ती तो टाळतो. कुंपणाच्या दोरीला मिरचीच्या तेलात बुडवलेल्या चिंध्या बांधतात. याखेरीज जंगलातून मिळणाऱ्या पैशात गावाचा वाटा असावा, अशी सोय आहे. इथल्या पाच गावांचा मिळून ट्रस्ट १९९० च्या दशकापासून चालतो. त्याचं उत्पन्न पर्यटनातून येतं तसं परवान्यानं होणाऱ्या शिकारीतूनही येत असे. २०१४ मध्ये बोत्स्वानानं शिकारीवर बंदी घातली, २०१९ मध्ये ती उठवली. जगभरातून टीका झाली. जर्मनीत शिकारीच्या स्मृतिचिन्हांच्या आयातीचे नियम कडक करायची चर्चा निघाली, तेव्हा २०२४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वीत्सी मासिसी यांनी जर्मनीला वीस हजार हत्ती पाठवून देण्याची भाषा केली. हौसेनं हत्तीवर गोळी झाडणं मला पटत नाही, कधी पटणारही नाही. पण शेतात निजणाऱ्या त्या आजींना वगळून हा वाद घालायचा हक्क बाहेरच्या कुणाला नाही, हेही मला तितकंच पटलं आहे.

सावुती

कचिकाऊनंतर डांबर संपतं आणि वाळू सुरू होते. सावुतीचा ओढा ही भूगोलातली अजब गोष्ट आहे. तो वर्षानुवर्षं कोरडा राहतो, मग अचानक वाहू लागतो. १९८२ मध्ये आटला तो २०१० मध्ये पुन्हा दलदलीपर्यंत पोचला, नंतर परत सुकला. पाऊस किती झाला एवढ्यावर त्याचं वाहणं ठरत नाही, जमिनीच्या पोटातल्या हालचालीही त्याला कारण असल्याचं मानतात. पात्रात बाभळीच्या जातीची मोठी वठलेली झाडं उभी आहेत. ओढा कोरडा असताना ती पात्रातच वाढली आणि पाणी परतल्यावर बुडून मेली.

ओढा आटला तरी नर हत्ती हा भाग सोडत नाहीत. कूपनलिकांनी भरलेल्या पाणवठ्यांवर ते दिवसभर उभे असतात. इथल्या मुक्कामाच्या जागेला कुंपण नाही. स्वच्छतागृहाभोवती मात्र किल्ल्यासारखी जाड गोल भिंत आहे, कारण हत्ती पाण्यासाठी नळ आणि पाइप उखडून काढत. अंधार पडल्यावर टपावरच्या तंबूतून खाली उतरायचं नाही हा नियम मुलांनी न सांगता पाळला. रात्री खालून हत्ती जातो तेव्हा पावलांचा आवाज येत नाही. फांदी मोडल्याचा येतो, पोटातल्या गुरगुरीचा येतो. दूरवर सिंह ओरडतात. सावुतीचे सिंह हत्तींची शिकार करतात हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे: कोरड्या ऋतूच्या अखेरीस, रात्रीच्या वेळी, कळपापासून जरा सुटलेली अर्धवट वाढलेली पिल्लं.

एका पाणवठ्याजवळ एक तरुण नर आमच्या गाडीवर आला. कान पसरलेले, मान उंच, धूळ उडवत तो काही पावलं धावला आणि कर्कश ओरडला. वहिनीनं गाडी हलवली नाही. ती आधीच पुढचं तोंड मोकळ्या वाटेकडे करून उभी केलेली होती आणि हत्तीच्या पाण्याची वाट आम्ही अडवलेली नव्हती. कान पसरून, आवाज करून येणारा हत्ती बहुधा नुसता धाक घालतो. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, मुकाट्यानं येतो तो खरा, असं तिथले वाटाडे सांगतात. पाण्यावर दोन मोठे नर उभे होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तरुण हत्ती मान झटकून त्यांच्याकडे परत गेला.

नर हत्ती एकलकोंडा, हा समज आता मागे पडला आहे. बोत्स्वानातच मकगाडिकगाडी उद्यानात कॉनी अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी नरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. टोळीच्या पुढे बहुतेकदा सगळ्यांत वयस्क नर चालतो आणि वयस्क नर आसपास कमी असले की तरुण नर गाड्यांवर, इतर प्राण्यांवर जास्त धावून जातात, असं त्यांना दिसलं. दक्षिण आफ्रिकेच्या पिलानेसबर्गमध्ये याचा जबर धडा मिळाला होता. क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या कत्तलीतून वाचलेली अनाथ पिल्लं तिथे वाढवली. ती वयात येताच अवेळी माजावर आली आणि त्यांनी गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून वयस्क नर आणून सोडले, तेव्हा तरुणांचा माज उतरला आणि गेंड्यांचं मरण थांबलं. कळपातला म्हातारा हत्ती निरुपयोगी म्हणून आधी मारायचा, हा हिशेब किती चुकीचा आहे हे यातून दिसतं.

कुंपणं आणि वाटा

माऊनकडे जाताना गुरांच्या रोगांसाठी घातलेलं कुंपण लागतं. तिथे गाडी तपासतात, कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत. लाळ्या-खुरकुताचा रोग रानम्हशींकडून गुरांना लागू नये आणि गोमांसाची निर्यात चालू राहावी, म्हणून देशभर अशी कुंपणं पडली. १९५८ मध्ये घातलेल्या कुके कुंपणानं पाण्याकडे जाणाऱ्या हरणांच्या प्राचीन वाटा तोडल्या आणि पुढे दुष्काळात तारेला टेकून जनावरं मेली. हा या देशाचा दुखरा इतिहास आहे.

हत्तींच्या बाबतीत वाटेचं महत्त्व उपग्रहाच्या पट्ट्यांनी सिद्ध केलं. अंगोलात १९७५ ते २००२ यादवी युद्ध चाललं, तेव्हा तिथले हत्ती दक्षिणेकडे आले. युद्ध संपल्यावर ते परत जातात का, हे कसानेच्या माईक चेस यांनी गळपट्टे लावून तपासलं. हत्ती खरंच उत्तरेकडे निघाले होते. जिथे जिथे वाट मोकळी होती तिथे त्यांनी स्वतःच जागा विभागून घेतली. बोत्स्वानात हत्ती फार झालेत या तक्रारीचं एक उत्तर या वाटांमध्ये आहे.

ओकावांगो नदीच्या पूर्वेकडच्या गावांत हत्ती आणि माणसं जवळपास समसमान आहेत. तिथे इकोएक्झिस्ट या प्रकल्पानं कळपांच्या नेहमीच्या वाटा नकाशावर मांडल्या, म्हणजे नवी शेतं त्या वाटा सोडून वाटता येतात. शाळेची मुलं आणि दवाखान्यात जाणारी माणसं हत्तींच्या वाटेवरून पायी जाऊ नयेत म्हणून बसची सोय झाली. हत्तीशी जुळवून घेऊन पिकवलेल्या बाजरीला माऊनमध्ये चांगला भाव देणारं गिऱ्हाईकही उभं राहिलं. यात थक्क करणारं तंत्रज्ञान कुठेच नाही. वाट ओळखायची, ती सोडायची आणि सोडणाऱ्याला त्याचा मोबदला द्यायचा, एवढंच आहे.

आपल्याकडे नेमकं हेच राहून गेलं. दोडामार्गातल्या तिलारीच्या परिसरात २०२० मध्ये जे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं ते साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं. एवढ्यात हत्तीचा निभाव लागत नाही, तो बागायतीत उतरणारच. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून गडचिरोलीत कळप आला आणि भाताच्या शेतांत तीच कहाणी सुरू झाली. दरवेळी चर्चा होते ती हत्ती पकडायचा की हाकलायचा एवढीच. तो कुठून आला, कुठे जाऊ पाहतो आणि त्या वाटेवर काय बांधलं गेलं, हा प्रश्न मागे राहतो. मूठभर हत्तींसाठी आपण हे करू शकत नाही असं म्हणायला जागा नाही. बोत्स्वानात अख्ख्या भारतातल्या रानटी हत्तींच्या चौपटीहून जास्त हत्ती आहेत आणि तो देश आपल्याहून कितीतरी कोरडा आहे.

आफ्रिकेत हत्ती पाहायला जरूर जा, मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही न्या. पाण्याची वाट अडवू नका, पिल्लू आणि आई यांच्यामधे गाडी घालू नका, आणि मुक्काम शक्यतो गावाचा वाटा असलेल्या जागी करा. परत आल्यावर आपल्या आमदार-खासदारांना दोन प्रश्न विचारा: दोडामार्ग आणि गडचिरोलीतल्या हत्तींच्या वाटांचा नकाशा कुठे आहे, आणि मोडलेल्या माडाची पुरेशी भरपाई शेतकऱ्याच्या हातात किती दिवसांत पडते? ही दोन उत्तरं मिळेपर्यंत आपण हत्ती वाचवतो आहोत असं म्हणता येणार नाही.